सोसायटीच्या एसटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची) नवी एजन्सी, दीड वर्षाचा अनुभव (मुख्यतः प्लांट बंद पडल्यावर काय होतं त्याबद्दल)

सिंहगड रोडला आमची १६८ फ्लॅटची सोसायटी आहे, बांधकाम २०११ चं, एसटीपी बेसमेंटमध्ये, ११० केएलडीचा (दिवसाला १ लाख १० हजार लिटरचा). मी कमिटीत सेक्रेटरी आहे आणि एजन्सी बदलल्यापासून आजूबाजूच्या सोसायट्यांमधून मला सारखे फोन येतात की ताई कशी आहे हो नवी एजन्सी, घ्यावी का आम्ही पण. म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. नाव लिहीत नाही, जुनीचंही नाही आणि नवीचंही नाही, दोन्हीची माणसं याच भागात काम करतात. पण काय काय बघून घ्या ते सगळं लिहिते, ते कुठल्याही एजन्सीला लावून बघता येईल.

आम्ही आधी जी एजन्सी घेतली होती ती रेट बघून घेतली होती आणि दर महिन्याला लॅबचा रिपोर्ट बघून खूश होतो. आमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीत) बीओडी, म्हणजे पाण्यात किती सेंद्रिय घाण उरली त्याचा आकडा, १० च्या आत पाहिजे, रिपोर्टमध्ये कायम ७-८ यायचा, पाणी काचेच्या ग्लासात स्वच्छ दिसायचं, झालं. लाईट गेली तर काय, पंप जळला तर काय, पुराचं पाणी शिरलं तर काय हे आम्ही सात वर्षांत एकदाही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मग आला २५ जुलै २०२४. पुण्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या पुढे पाणी सोडलं होतं आणि नदीकाठच्या एकता नगरीत लोकांच्या पार्किंगमध्ये, घरांमध्ये पाणी होतं. आमची सोसायटी नदीपासून लांब आणि जरा चढावर आहे त्यामुळे आम्हाला वाटलं आपण सुटलो. पहाटे लाईट गेली, जनरेटर चालू झाला, लिफ्ट चालू, पॅसेजचे दिवे चालू, सगळे निवांत. पाचच्या सुमाराला वॉचमन काकांनी इंटरकॉम केला, "ताई, खाली पार्किंगमध्ये पाणी आलंय, पण हे पावसाचं नाही वाटत." मी खाली गेले आणि जिन्यातच वास आला. एसटीपीच्या रूमच्या दारातून काळं पाणी बाहेर येत होतं आणि पहिल्या रांगेतल्या गाड्यांची चाकं बुडायला लागली होती.

झालं काय होतं ते नंतर कळलं. जनरेटरवर एसटीपी जोडलेलाच नव्हता, बिल्डरने लिफ्ट, दिवे आणि पाण्याचा पंप एवढंच दिलं होतं आणि सात वर्षं रोज प्लांटवर येणाऱ्या एजन्सीने ते कधी लक्षात आणून दिलं नाही. त्यात भर म्हणजे बाहेरची ड्रेनेज लाईन भरून वाहत होती, त्यामुळे आमच्या शेवटच्या चेंबरमधून उलटं पाणी आत येत होतं. एजन्सीचा इमर्जन्सी नंबर सकाळी नऊपर्यंत उचलला गेला नाही. माणसं आली दुपारी चारला, दोन मुलं, पायात स्लीपर, हातात एक दोरी आणि एक बादली. तोपर्यंत लाईट आली होती पण सांडपाण्याचा पंप काही उठत नव्हता.

त्यातला एक मुलगा, असेल वीस-एकवीसचा, त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोरी कमरेला बांधली आणि कलेक्शन टँकचं झाकण उघडून खाली पाय सोडून बसला. मी म्हटलं अरे काय करतोस, तर म्हणाला, "ताई पाच मिनिटांचं काम आहे, फ्लोट अडकलाय, नेहमी उतरतो मी." (फ्लोट म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच.) ते "नेहमी उतरतो" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे आमच्या टाकीत, आमच्या पैशांवर, कोणाचंतरी पोरगं वर्षानुवर्षं उतरत होतं आणि आम्ही वर बीओडीचा आकडा बघत होतो. त्याला हाताला धरून उठवलं. तो ऐकेना, म्हणाला साहेब ओरडतील, तेव्हा वॉचमन काकांनी झाकण परत लावलं आणि त्याच्यावर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले, म्हणाले आता उतर कसा उतरतोस ते. शेवटी खाजगी सक्शन टँकर मागवून टाकी रिकामी केली, रात्री अकरा वाजले, पण कोणी आत गेलं नाही.

ज्यांना वाटेल की मी फार ताणतेय त्यांनी फक्त दोन बातम्या आठवाव्यात. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीत एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारला एका खाजगी एसटीपीत चार जण गेले. बहुतेक वेळा होतं असं की पहिला आत पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३ चा कायदा आहे, माणसाला सुरक्षा साधनांशिवाय अशा टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. हे मी एजीएममध्ये (वार्षिक सभेत) वाचून दाखवलं तेव्हा रेट कमी करा रेट कमी करा म्हणणारे पण गप्प झाले.

दसऱ्यानंतर नवीन एजन्सी घेतली. पाच जणांना बोलावलं होतं आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, खालचा पंप अडकला तर तुम्ही काय कराल. चौघांनी या ना त्या शब्दांत "आमचा माणूस उतरेल" असंच सांगितलं, एकाने तर अनुभवी माणूस आहे म्हणून कौतुकाने सांगितलं. पाचव्याने विचारलं, पंपाला गाईड रेल आणि चेन आहे का? नसेल तर आधी ती बसवू, पंप वर ओढून घ्यायचा, माणूस खाली पाठवायचा नाही. यांनाच घेतलं.

पहिल्या आठवड्यात त्यांचा इंजिनिअर आला आणि त्याने जे केलं ते मला फार आवडलं. त्याने विचारलं, लाईट गेल्यापासून पाणी बाहेर यायला किती वेळ लागतो माहितीये का? आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मग त्याने तिथेच कागदावर मांडलं. साडेसातशे माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८०-८५ टक्के सांडपाणी होतं, म्हणजे दिवसाला साधारण ८५ हजार लिटर, तासाला सरासरी साडेतीन हजार. आपली इक्वलायझेशन टाकी (येणारं सांडपाणी आधी साठतं ती) तीस हजारची, ती अर्धी भरलेली धरली तर पंधरा हजार लिटर जागा शिल्लक. रात्री हाताशी चार-पाच तास आहेत, पण सकाळी सात ते नऊ सगळे आंघोळीला, तेव्हा तासाला नऊ हजार येतं, म्हणजे पावणेदोन तास सुद्धा नाहीत. हा कागद आता लॅमिनेट करून पॅनलच्या शेजारी लावलाय. माझ्या मते सगळ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे, कारण आता आम्हाला माहितीये की सकाळी सातला पंप बंद पडला तर चहा घेऊन बघू असं म्हणायला वेळ नाहीये.

त्याच्या सांगण्यावरून पहिल्या तीन महिन्यांत एक सांडपाण्याचा पंप आणि एक ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) जनरेटरवर घेतला. ब्लोअर का, तर एरेशन टँकमधले जिवाणू हवेवर जगतात, हवा बंद झाली की काही तासांत पाणी काळवंडायला लागतं, वास सुटतो, आणि दिवसभर तसंच राहिलं तर कल्चर बिघडतं आणि मग प्लांट परत रुळावर यायला आठवडे जातात. जुलैमध्ये आमचं तेच झालं होतं, दुसऱ्या प्लांटवरून टँकरने चांगला स्लज (जिवंत जिवाणूंचा गाळ) आणून टाकावा लागला होता, वर गूळ आणि शेण, आणि एरवी फ्लशला एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी जातं, तिथे तीन आठवडे पिण्याचं पाणी वापरलं. पॅनल जमिनीपासून तीन फूट वर उचललं, टाकीला हाय लेव्हल फ्लोट, हूटर आणि तीन मोबाईलवर कॉल जाणारं युनिट बसवलं, एक पंप स्पेअर घेऊन रॅकवर ठेवला. अजून एक छोटी गोष्ट, हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) आणि ॲसिडचे कॅन जुन्या लोकांनी एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवले होते. ते दोन्ही मिसळलं तर क्लोरीन गॅस होतो, बंद बेसमेंटमध्ये! नवीन माणसाने आल्या आल्या पाच मिनिटांत ते वेगळे केले आणि मला बोलावून दाखवलं.

आता ड्रिलबद्दल. वर्षातून दोन ड्रिल कॉन्ट्रॅक्टमध्ये आहेत. पहिलं डिसेंबर २०२४ मध्ये एका रविवारी झालं आणि मला वाटलं होतं की भाषण देतील, फोटो काढतील, जातील. त्यांनी न सांगता मेन स्विच पाडला आणि घड्याळ लावून बसले. जनरेटरने लोड घेतला चौदा सेकंदांत, पण ब्लोअर उठलाच नाही, त्याचा ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा स्विच) ट्रिप झालेला आणि तो रिसेट कुठे करायचा ते आमच्या ऑपरेटर दादांना माहीत नव्हतं. अकरा मिनिटं गेली. ते कागदावर लिहिलं, कोणाला रागावले नाहीत, दादांकडून तीन वेळा रिसेट करून घेतलं आणि त्या बटणाभोवती लाल रंगाने गोल केला.

मग सगळ्यांना टाकीजवळ बोलावलं, पंधरा-वीस रहिवासी होते, मुलं पण होती त्यांना मागे उभं केलं. झाकण उघडलं, गॅस डिटेक्टर दोरीला बांधला, मोबाईलपेक्षा जरा जाड पिवळा डबा, आणि हळूहळू खाली सोडला. वर ऑक्सिजन २०.९ दाखवत होता. सात-आठ फूट खाली गेल्यावर जो काही कर्कश आवाज सुरू झाला, लाल दिवा लपलप करायला लागला, एक काकू चक्क दोन पावलं मागे गेल्या. वर ओढून आकडा दाखवला, एच टू एस, म्हणजे सांडपाण्यातून निघणारा विषारी हायड्रोजन सल्फाईड गॅस, ३८ पीपीएम (दहा लाखात ३८ भाग). अलार्म १० ला वाजतो. आणि वर उभं राहून आम्हाला कोणालाच काही विशेष वास येत नव्हता, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. इंजिनिअर म्हणाला, कुजक्या अंड्याचा वास येतो तोवर निदान कळतं तरी, शंभरच्या पुढे गेला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. दादा माझ्या शेजारी उभे होते, ते हळूच म्हणाले की गावाकडे त्यांचे मामा विहिरीत असेच गेले, तेव्हा सगळे म्हणाले भुताने ओढलं. मला ते अजून विसरता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, लोक पाण्याला हात लावायला घाबरत होते आणि पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून, अन्नातून पसरणारा जिवाणू सापडल्याचं पेपरात आल्यावर ग्रुपवर एकच चर्चा, एसटीपीचं पाणी आपल्या नळाला तर येत नाही ना? एजन्सीच्या कामात हे बसत नव्हतं तरी त्यांनी आम्हाला एक सोपी टेस्ट करून दिली. ट्रीटेड पाण्याच्या टाकीत खायचा हिरवा रंग टाकला आणि प्रत्येक फ्लॅटला सांगितलं सगळे नळ सोडून बघा. १६७ फ्लॅटमध्ये फक्त फ्लश हिरवा. एका फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनच्या नळाला हिरवं पाणी आलं! रिनोव्हेशन करताना प्लंबरने जवळची लाईन म्हणून फ्लशिंगच्या पाईपला जोड दिला होता आणि त्या घरात वर्षभर लहान बाळाचे कपडे त्या पाण्यात धुतले जात होते. दुसऱ्या दिवशी लाईन तोडली. ज्या सोसायट्यांमध्ये दोन लाईन आहेत त्यांनी हे एकदा करूनच घ्या, खर्च रंगाच्या डबीचा.

खरी परीक्षा झाली ती गणपतीत, ऑगस्ट २०२५ ला. घराघरात पाहुणे, पाण्याचा वापर दीडपट. दुसऱ्या दिवशी रात्री अकरा चाळीसला हूटर वाजला, चालू पंपाचं वाइंडिंग जळलं होतं आणि स्टँडबाय पंप जाम. ऑपरेटर रात्री नसतात, वॉचमन काकांनी भिंतीवरचा सूचनांचा कागद वाचून पहिल्या दोन गोष्टी स्वतः केल्या, जळलेल्या पंपाचा एमसीबी (पॅनलमधला स्विच) खाली पाडला आणि नंबर ४ चा व्हॉल्व बंद केला, त्याने फ्लशिंगच्या टाकीचं पाणी थांबतं. मग मला फोन. मी ग्रुपवर टाकलं की दोन तास पाणी कमी वापरा, मशीन लावू नका, आरती झाल्यावर भांडी सकाळी घासा, आणि लोकांनी खरंच ऐकलं. एजन्सीची दोन माणसं १२:५० ला आली, बूट, हेल्मेट, डिटेक्टर सगळं घेऊन. आधी झाकण उघडून गॅस बघितला, मग चेनकप्पी लावून स्टँडबाय पंप वर ओढला. त्याच्या इम्पेलरला (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्याला) वेट वाईप्सचा दोरखंड झाला होता, अक्षरशः वेणी घातल्यासारखा, कात्रीने कापून काढावा लागला. (आणि हो, वेट वाईप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते विरघळत नाहीत, कृपा करून फ्लश करू नका.) जळलेला काढून रॅकवरचा स्पेअर सोडला, दोन पंधराला दोन्ही पंप चालू. पाणी काठापासून हातभर खाली होतं. पार्किंगमध्ये एक थेंब नाही आणि आत पाय कोणी घातला नाही.

तक्रारी पण आहेत, त्या लपवत नाही. पहिल्या ड्रिलला जो डिटेक्टर आणला होता त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख दोन महिने आधीच उलटून गेली होती, स्टिकर मी वाचलं म्हणून कळलं. त्यांनी माफी मागितली, आठवड्यात दुसरा पाठवला, पण जी एजन्सी या एका गोष्टीवर उभी आहे त्यांच्याकडून हे मला खटकलं आणि आता मी दर वेळी स्टिकर बघते, तुम्हीही बघा. कॉल जाणारं युनिट पहिल्या पावसाळ्यात विनाकारण रात्री तीन-तीनला वाजायचं, फ्लोटवर तेलकट थर बसला की असं होतं म्हणे, आता दर पंधरा दिवसांनी धुतात. दिवाळीत ब्लोअरचा बेल्ट तुटला तेव्हा ठरलेल्या दोन तासांच्या ऐवजी साडेतीन तास लागले. महिन्याचा रिपोर्ट इंग्रजीत येतो, आमच्या दादांना तो वाचता येत नाही, मराठीत द्या म्हणून चार वेळा मेल केलाय, भिंतीवरचे कागद मराठीत आहेत मग रिपोर्टला काय अडचण आहे? आणि शेवटच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व (बाहेरचं पाणी उलटं आत येऊ न देणारा) बसवायचं काम, जे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, ते अजून झालेलं नाही, त्यात त्यांची चूक अर्धी, परवानगी आणि खोदाई यात आमचीही अर्धी.

पैशांचं सांगायचं तर जुनी एजन्सी महिन्याला २८ हजार घ्यायची, ही ४१ हजार, वर जीएसटी. फ्लॅटमागे महिन्याला नव्वदेक रुपये जास्त पडतात. जनरेटरची वायरिंग, पंप, रेल, युनिट हा एकदाचा खर्च वेगळा, साधारण तीन लाख गेला, सिंकिंग फंडातून केला. २५ जुलैला एका दिवसात टँकर, साफसफाई, नवीन स्लज आणि लोकांच्या गाड्यांची भांडणं यात जे गेलं ते मी इथे लिहीत नाही पण तीन लाखांना फार कमी नव्हतं. पाचपैकी चार स्टार देईन, पाचवा त्या स्टिकरने घालवला.

घेणाऱ्यांनी मीटिंगला बसताना एवढं नक्की विचारा की पंप वर कसा काढणार, रात्री दोनला फोन कोण उचलणार (आणि मीटिंगमध्येच नाही, कॉन्ट्रॅक्ट करायच्या आधी खरंच रात्री दोनला लावून बघा, आम्ही लावला होता), आणि तुमच्या टाकीत किती तासांची जागा आहे ते काढून द्या म्हणा. "कोणत्याही परिस्थितीत माणूस टाकीत उतरवला जाणार नाही" हे वाक्य कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. भिंतीवर अग्निशमन १०१, अँब्युलन्स १०८ आणि गटार-सेप्टिक टँकसाठीची हेल्पलाईन १४४२० हे नंबर मोठ्या अक्षरात लावा, वॉचमनला चष्म्याशिवाय दिसतील इतक्या मोठ्या.

आमचं पुढचं ड्रिल पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला आहे. सिंहगड रोड, धायरी, वडगाव भागातल्या कोणत्याही कमिटीला बघायचं असेल तर खाली लिहा, मी पत्ता पाठवते, गेटवर एसटीपी बघायला आलोय एवढं सांगा, वॉचमन काका स्वतः खाली घेऊन जातात आणि तो झाकणाचा किस्सा पण सांगतात. बंद बूट घालून या, स्लीपरवाल्यांना काका आत सोडत नाहीत.